पाठीवरून ऐकलेली भीती

मित्रांनो, आता मला पिवळा म्हणायला धाडस लागेल, पण मी एक जुना पिवळा कॅन आहे. ट्रॅक्टरच्या ऑइलचा, पाच लिटरचा, एका अंगाला मूठ आणि डोक्यावर फिरकीचं झाकण. रांजणगावकडच्या एका कारखान्यात गरम प्लॅस्टिकमध्ये हवा फुंकून मला फुगवलं. म्हणजे जन्मापासून माझ्या पोटात हवाच आहे. पोटात नुसती हवा असलेल्यांचा एरवी कुणाला उपयोग नसतो. माझा झाला.

शिरूरच्या दुकानातून मी निमोण्यात आलो. ऑइल ट्रॅक्टरला गेलं आणि मी रिकामा झालो. रिकाम्या कॅनचं पुढे काय होतं ते तुम्हाला माहीतच असेल. नशीब चांगलं असेल तर रॉकेल आणायला जातो. मध्यम असेल तर वरचं अंग कापून कोंबड्यांना पाणी ठेवतात. आणि अगदीच फुटकं असेल तर रोज सकाळी कुणाच्या तरी हातातून बाभळीआड जावं लागतं. मी त्या तिसऱ्या वाटेलाच लागलो होतो, तेवढ्यात चांगदेव आप्पांनी मला बांधावरून उचललं. चुलीतली राख आणि गरम पाणी घालून चार वेळा खळखळून धुतलं, नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाले, "बेस हाय. गळत न्हाई."

आप्पा साखर कारखान्याच्या पंपावरून रिटायर झालेले. त्यांच्या दीड एकरात त्यांची स्वतःची दगडी विहीर होती, पायऱ्यांची. दर उन्हाळ्यात गावातल्या पोरांना ते तिथे पोहायला शिकवत. फी काही नव्हती, फक्त विहिरीत थुंकायचं नाही.

त्यांची शिकवायची रीत ऐका. आधी पोराच्या कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक आप्पांच्या मुठीत. मग पोराला पायरीवर कमरेइतक्या पाण्यात बसवायचं आणि पाठीला मला बांधायचं. मी पाण्यातच असायचो, पायरीच्या लोखंडी कडीला अडकवलेला. मला वर कुणी आणायचं नाही, असा दंडक. का, ते पोरांना कळत नसे. तीन दिवस मी रिकामा. चौथ्या दिवसापासून, संध्याकाळी पोरं पांगली की आप्पा खाली उतरत, झाकण उघडून एक तांब्या पाणी माझ्या पोटात ओतत आणि झाकण घट्ट लावत. दुसऱ्या दिवशी आणखी एक. पाण्यातल्या पाण्यात बांधलं की वजन कळत नाही. पोराला वाटे, कॅन आपल्याला धरून आहे. पाच तांबे झाले की मी गच्च भरलेला असे, मी काय कुणाला धरणार? पोर आपलं आपण पोहत असे. मग आप्पा सगळ्यांसमोर माझं झाकण उघडून पाणी ओतून दाखवत. ज्याला पोहता आलं त्याने हे गुपित धाकट्यांना सांगायचं नाही, हाही एक दंडक. आणि आश्चर्य म्हणजे पोरं तो पाळत.

आता माझं खरं काम सांगतो. बांधला की मी पोराच्या पाठीला चिकटलेला. आत धडधडणारं काळीज, बाहेर पोकळ मी. ती धडधड माझ्या पोटात अशी घुमे, जशी रिकाम्या खोलीत कुणी कडी वाजवावी. पोरांच्या आयांनाही जे ऐकू येत नव्हतं ते मला ऐकू येई. म्हणून मला एकच नाद लागला: ही भीती म्हणजे असते तरी काय? येते कुठून?

पोरंपोरं वेगळी. कुणी भ्यालं की बडबड करी. कुणाला लघवी लागे. एक मुलगा नुसत्या जांभया देई, सगळे हसत, पण त्याचं काळीज सगळ्यांत जोरात ठोकत होतं. आप्पांचा नातू महेंद्र "आपण कुणाच्या बापाला भीत न्हाई" असं म्हणत पाण्यात उतरला, तेव्हा मला वाटलं माझी शिवण उकलते आता. आणखी एक गंमत. उडी मारायच्या आधी जी धडधड, तीच उडी मारून वर आल्यावरही. तेवढीच, तशीच. आधी तिला पोरं भीती म्हणत, नंतर मजा. मला तर दोन्हींत फरक सापडला नाही. आणि पाणी भरत गेलं की माझी पोकळी कमी होई, आवाज मंद होई. त्यामुळे न भिता पोहणाऱ्या पोराचं काळीज कसं वाजतं, हे मला कधीच नीट कळलं नाही.

एकदा महेंद्रने आप्पांना विचारलं, "आप्पा, तुम्ही ल्हानपनी भेत व्हता का पान्याला?"

"पान्याला न्हाई," आप्पा म्हणाले. "काठावर उभं आसल्याल्या मानसांना. आमाला गावच्या हिरीवर चढू देत न्हवते. मी नदीत शिकलो. तवा पानी मऊ लागायचं, काठ टोचायचा."

महेंद्रला ते अर्धंच कळलं असावं. आप्पांनी दोर ओढला आणि म्हणाले, "चल, हात मार."

पण मित्रांनो, भीती जन्मताना मी एकदा डोळ्यांनी पाहिली आहे. ते सांगतो.

माझा पहिलाच उन्हाळा. सत्त्याण्णव साल. शेजारच्या रानातली कुशाबाई विहिरीच्या वरच्या हौदावर धुणं धुवायला येई. तिच्या नवऱ्याचं नाव बिरदेव. त्याच्या आजापर्यंत सगळे मेंढरं घेऊन फिरणारे, आता कांदा लावणारे. कुशाबाई हौदापर्यंत येई, पण विहिरीत कधी डोकावत नसे. पाठच करून बसे. तिची लेक सुषमा तेव्हा अकरा महिन्यांची, रांगणारी. एका पोराचं शिकणं संपून रिकामा झालेला मी त्या दिवशी वरच्या पायरीवर वाळत पडलो होतो. सुषमा रांगत रांगत माझ्यापाशी आली. मला एक थाप दिली, आवाज आला म्हणून हसली. मग पुढे सरकून तिने खाली पाहिलं. खाली पाणी, पाण्यात आभाळ. तिने त्याच्याकडे हात केला, जसा ताटाकडे करावा. तिला काहीही वाटलं नव्हतं. अगदी काही नाही.

तेवढ्यात कुशाबाईने मागे वळून पाहिलं आणि किंकाळी फोडली. फोडली, पण जागची हलली नाही. ओला पिळा हातात, पाय जसे खडकात रोवलेले. आप्पा धावले, त्यांनी पोर उचललं. पोर पडलं नव्हतं, दुखलं नव्हतं. उचलल्यावर तिने आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. मग पाण्याकडे. परत आईकडे. आणि मग ती रडायला लागली.

चार दिवसांनी कुशाबाई पुन्हा आली, तेव्हा सुषमाने लांबूनच विहीर पाहिली आणि आई काही करायच्या आत रडायला सुरुवात केली. म्हणजे झालं. पोचली. आईकडून निघालेली एक गोष्ट लेकीकडे गेली, मध्ये एक शब्दसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, हे तर माझ्यात ओतलेल्या तांब्यासारखंच आहे. कुणी ओतलं ते पोराला कळतच नाही. पण मग कुशाबाईत कुणी ओतलं होतं? हा प्रश्न माझ्या पोटात नऊ वर्षं राहिला.

दोन हजार सहाचा उन्हाळा आला. बिरदेवने रानात शेततळं खोदलं. त्यात काळा कागद घालायचा होता. असतं ते जाड प्लॅस्टिक, पण सगळे त्याला कागदच म्हणतात. तो इतका गुळगुळीत की आत पडलेल्याला वर चढता येत नाही, कुत्रंसुद्धा फिरत राहतं. पंधरा दिवसांत कागद येणार आणि तळं भरणार. तळं घरापासून तीस पावलांवर.

बिरदेव आप्पांकडे आला. मागून कुशाबाई, घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन, हौदापाशीच थांबली.

"आप्पा, तळं भरायच्या आत सुषमीला पवता यायला पायजे," बिरदेव म्हणाला. "मी गाठी मारल्याले दोर सोडनार हाय चारी बाजूंनी. पर दोरापत्तुर जायाला हात मारता यावा लागतो."

"त्यापरीस तळंच नको भरू," कुशाबाई लांबून म्हणाली.

"मंग कांदं काय तुझ्या डोळ्याच्या पान्यावर आनू?"

"आना. लई हाय."

आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "कुशाबाई, पंधरा दिस खूप झाले. पोरीला धाड."

"धाडते. पर मी यायची न्हाई बगायला. आदीच सांगते."

सुषमा आली. नऊ वर्षांची, दोन वेण्या, दात किंचित पुढे. बाकीच्यांसारखी तिने बढाई मारली नाही. पायरीवर बसून सरळ म्हणाली, "आप्पा, मला भ्या वाटतं."

"कुठं वाटतं?"

तिने विचार केला. "हितं," म्हणून पोटावर हात ठेवला. "महेंद्रला कुठं वाटायचं?"

"त्याला त्वांडात. म्हनून ते बंद हुईना."

मी तिच्या पाठीला बांधला गेलो. आणि मित्रांनो, मी इतकी पोरं ऐकली, पण अशी धडधड नव्हती ऐकली. ठोका, थांबणं, दोन ठोके, थांबणं. जणू ती भिण्याआधी कुणाला तरी विचारत होती, आता भिऊ का? आप्पा दोर धरून "हात, हात, पाय" म्हणत. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पहिले तीन दिवस सर्वांत मोठी धडधड कोरड्या पायरीवर होई. घोट्याला पाणी लागलं की थोडी कमी. गळ्यापर्यंत आलं की आणखी कमी. म्हणजे भीती पाण्यात कमी आणि पाण्याच्या विचारात जास्त.

चौथ्या संध्याकाळी पहिला तांब्या. पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवशी एकेक. सुषमा आता पाण्यात बुडी मारून तिसऱ्या पायरीवरचा पांढरा खडा काढून आणत होती. कागद घेऊन येणारा ट्रक आठ दिवसांवर होता.

न येणारी कुशाबाई मात्र रोज येत होती. कडब्याच्या गंजीआडून पाहत होती. सातव्या दिवशी तिला दिसलं, कॅन पाण्यात खाली बसलाय. पहिल्या दिवशी निम्मा वर होता, आज नुसती मूठ दिसते.

आठव्या दिवशी दिस उगवायच्या सुमाराला ती एकटी विहिरीवर आली. वरच्या पायरीवर उभी राहिली. मी खाली कडीला. ती एक पायरी उतरली आणि थांबली. दुसरी उतरली. मग भिंतीला हात लावून, बसून, एकेक पायरी खाली सरकत आली, लहान पोरं जिना उतरतात तशी. शेवटच्या पायरीवर तिने डोळे मिटले आणि चाचपडून मला ओढून घेतलं. जड लागलो. तिने मला छातीशी धरलं.

मी चार तांबे भरलेला होतो. तरीसुद्धा ती धडधड मला ऐकू आली.

"गळतोय मेला," ती पुटपुटली. झाकण उघडलं, सगळं पाणी ओतून टाकलं. कमरेला खोचून आणलेली सायकलच्या ट्यूबची चकती झाकणात घातली आणि दातओठ खाऊन झाकण पिळलं. कुणाला सांगायचं नाही, असं ठरवूनच आली होती. सांगितलं असतं तर गंजीआडचं बिंग फुटलं असतं.

सकाळी आप्पांनी वरच सुषमाच्या कमरेला दोर बांधला. तिला आता धीर नव्हता. ती पळत खाली गेली आणि मला स्वतःच पाठीला बांधून पाण्यात झेपावली. बुडी मारायला गेली तर मी वर. तिची पाठ वर, तोंड खाली, पाय आभाळात. पुन्हा गेली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तोंडातलं पाणी फुर्रकन टाकून ती चिडली.

"आप्पा, आज ह्यो मला वडतोय. खाली जाऊच देत न्हाई."

"वडतोय? आगं आसं कसं?"

"नको मला ह्यो." आणि तिने मध्यावर, पाण्यात, माझी गाठ सोडली. मला ढकलून दिलं आणि बुडी मारली.

गंजीआडून कुशाबाई धावत आली. या वेळी ती जागच्या जागी उभी राहिली नाही. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत आली, पातळ भिजलं तरी थांबली नाही. "आप्पा, वडा, दोर वडा. कॅन सुटला तिचा."

"सुटला न्हाई, सोडला तिनं," आप्पा म्हणाले. तेवढ्यात सुषमा वर आली. हातात पांढरा खडा. आईला पाण्यात उभी पाहून ती इतकी गोंधळली की खडा खाली पडला.

"आये, तू हितं?"

मग सगळं बाहेर आलं. कुशाबाई म्हणाली, कॅन गळत होता, मी सकाळी ओतला, नीट केला. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पायरीवर बसून हसायला लागले. मग तांब्याचं सांगितलं.

कुशाबाई लाल झाली. "म्हंजी पोरीला फसवलं तुमी?"

"व्हय. समद्यांना फसवतो."

"आन् बुडली आसती म्हंजी?"

"दोर माझ्या हातात व्हता. आजबी हाय." त्यांनी मूठ उघडून दाखवली. हाताला दोराचे वळ होते.

ती खाली बसली, पाण्यातच. सुषमाकडे न पाहता म्हणाली, "माझा धाकटा भाऊ व्हता, पाच वर्साचा. मी आठाची. आयनं मला सांगितलं, बग त्याच्याकडं. मी सागरगोटं खेळत व्हते. हिरीत पडला. मी काठावर उभी राहून नुसती वरडले. पायच उचलंना. मानसं आली तवर..."

माझ्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. नऊ वर्षांनी मिळालं आणि मिळाल्यावर कोणताही आनंद झाला नाही.

सुषमाने आईच्या खांद्यावर ओला हात ठेवला. आप्पा म्हणाले, "आठ वर्साच्या पोरीनं काय करावं? पवता येत न्हवतं तुला. उडी टाकली आस्ती तर दोगं गेला आस्ता."

कुशाबाईने पदराने नाक पुसलं. मग विचारलं, "आप्पा, मला किती दिस लागत्याल?"

मित्रांनो, गावात बाईमाणसाने विहिरीत पोहायला शिकायचं म्हणजे आधी इतर माणसांचा बंदोबस्त करावा लागतो. दुपारची वेळ ठरली, गडी जेवून लवंडतात तेव्हाची. दोर धरायला आप्पांची बायको रंभाबाई. तिला स्वतःला पोहता येत नव्हतं. आणि आप्पा मोटारीच्या खोलीपलीकडे, विहिरीला पाठ करून बसलेले.

"काय करतीया गं?" आप्पा भिंतीपलीकडून ओरडत.

"बसलीया," रंभाबाई ओरडे.

"पाय हालव म्हनावं."

"पाय हालव म्हनत्यात."

"आयकू आलं, जिजी. भ्या वाटतंया, भैरी न्हाई झाले मी," कुशाबाई म्हणे.

तिला मात्र आप्पांनी फसवलं नाही. भिंतीपलीकडूनच म्हणाले, "मोट्या मानसाला सांगून वतायचं. तांब्या तुझ्याच हातात घे. वाटंल तवा वत, न्हाईतर नको."

पहिले तीन दिवस तिने एक थेंब ओतला नाही. तिची धडधड सतत चालू, पावसाळ्यातल्या पत्र्यासारखी. चौथ्या दिवशी तिने स्वतः माझं झाकण उघडलं, ट्यूबची चकती बाजूला केली आणि अर्धा तांब्या ओतला. सहाव्या दिवशी एक. काठापासून काठापर्यंत ती गेली त्या दिवशी रंभाबाई इतकी ओरडली की आप्पा न राहवून वळले आणि लगेच परत फिरले. पण अडीच तांब्यांवर कुशाबाई थांबली. पुढे कधी ओतलं नाही. रंभाबाई म्हणाली, "वत की आनखी, येतंय तुला." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या जिजी. एवडं माझं मला बरंय."

ट्रक आला, काळा कागद पडला, तळं भरलं. आठवडाभराने सुट्टीच्या शेवटच्या दिवसांत सुषमा पहिल्यांदा त्यात उतरली, गाठीचा दोर जवळ ठेवून. काठावर कुशाबाई बसली होती. पातळाचा काष्टा मारलेला, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक लिंबाच्या खोडाला आणि पाठीला मी, अर्धा भरलेला. सकाळपासून तशीच. कांद्याच्या वाफ्यातून येणारी सरूबाई थांबून म्हणाली, "कुशे, कॅन पाठीला लावून भाकर खातीस व्हय?"

"व्हय," कुशाबाई म्हणाली आणि भाकरी खात राहिली. नजर पाण्यावर.

मी तिच्या पाठीला होतो, म्हणून मला माहीत आहे. तिचं काळीज तेव्हाही ठोकत होतं. चांगलं जोरात. विहिरीवरच्या किंकाळीच्या दिवशी ठोकलं असेल तेवढंच. पण तेव्हा त्या धडधडीने तिचे पाय रोवले होते. आता तीच धडधड पाय पाण्यात सोडून बसली होती, उडी टाकायला तयार.

मला या जन्मात भीतीबद्दल एवढंच कळलं. ती जाते असं मला कुठे दिसलं नाही. तिला काम मिळतं, एवढंच.

आता माझं प्लॅस्टिक उन्हाने पिचलंय, मुठीजवळ चीर गेलीय आणि सुषमा मला फेकू देत नाही म्हणून मी मोटारीच्या खोलीत खिळ्याला आहे. माझ्याबद्दल मला काही मागायचं नाही. एक मात्र सांगतो. तुमच्या शेजारी कुणी जांभया देत असेल, उगाच बडबडत असेल, किंवा पाठ करून बसलं असेल, तर त्याला हसू नका. 'भिऊ नकोस' असंही म्हणू नका, ते ऐकून कुणाचं काळीज हळू झालेलं मी ऐकलेलं नाही. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला बांधा, दुसरं आपल्या मुठीत घ्या, आणि हाताला वळ पडले तरी त्याला काठ लागेपर्यंत सोडू नका.